आचाऱ्याचं पोट

उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट बेंबीवर ठेवायचं, तिथून छातीच्या मधोमध सरळ रेघ ओढत वर न्यायचं आणि गळ्याच्या खळगीत टेकवायचं. मग डोळे मिटून म्हणायचं, “आलं बघा वर.”

आमचे आचारी दिवसातून कितीतरी वेळा असं करायचे. नव्या माणसाला वाटायचं, काहीतरी देवाधर्माचं चाललंय. आम्हाला माहीत होतं, की पोटातली आग निघालीय आणि घशाकडे चाललीय. कढईवर बाळू नावाचा दांडगा गडी असायचा. तो झारा हलवता हलवता ओरडायचा, “आचारी, कुठवर आलं?”

“पुलावर हाय अजून. गावात शिरंल एवढ्यात.”

पूल म्हणजे आमचा प्रवरेवरचा पूल. आम्ही सगळे कोल्हारचे. आचाऱ्यांचं घर आमच्याच गल्लीत, टोकाला. लग्न असो, साखरपुडा असो, नव्या घराची वास्तुशांत असो, नदीच्या दोन्ही अंगांच्या गावांना जेवणाला हेच आचारी लागायचे. माझा मालक गेल्यावर मी त्यांच्याकडे पुऱ्या लाटायला जायला लागले. आम्ही काही बायका, बाळू, सामानाचा टेम्पो आणि पुढं ड्रायव्हरशेजारी आचारी, अशी आमची वरात कुणाच्या ना कुणाच्या वरातीआधी पोचायची.

आचारी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं ढेरी आली असेल. आमचे आचारी म्हणजे सदरा काठीला अडकवलेला. पण आमटी अशी करायचे, की सांगून पटायचं नाही. भाजलेलं खोबरं, काळा मसाला, चिंच, गूळ. जेवणाऱ्याच्या नाकातून पाणी, कपाळावर घाम, आणि तरी तो वाढप्याला हाक मारून वाटी पुढं करायचा. दुसऱ्याला घाम फोडणारी ही आमटी करणाऱ्याला मात्र आतून भाजून काढायची.

तसं असेल तर खाऊ नये, असं तुम्ही म्हणाल. तिथंच तर अडचण होती.

आमच्याकडं तेव्हा रीत होती, पहिलं ताट आचाऱ्याचं. पंगत बसायच्या आधी यजमान स्वतः ताट वाढून आणायचा. चार जाणती माणसं भोवती उभी राहायची. आचाऱ्यानं उभ्या उभ्या सगळं चाखायचं, आमटीची वाटी तोंडाला लावून रिकामी करायची आणि म्हणायचं, “बसू द्या पंगत.” त्याशिवाय पत्रावळ मांडायची नाही. कधीतरी कुठल्यातरी लग्नात अन्न बाधलं असेल, तेव्हापासून पडलेली रीत असावी. करणाऱ्यानं आधी खाल्लं, म्हणजे आपल्याला भीती नाही.

“बसू द्या पंगत” म्हणताना आचाऱ्यांचा आवाज खणखणीत असायचा. मग ते झपाझपा टेम्पोमागं जायचे. तिथं मी त्यांना कितीदा तरी पाहिलंय. टेम्पोच्या फळीला कपाळ टेकलेलं, बोट गळ्याशी, डोळ्यांतून पाणी.

“अहो, सांगून टाका की यजमानाला, सोसत न्हाई म्हनून,” मी एकदा म्हटलं.

“काय सांगू? ज्याचं त्याला पचंना ते आमी कशाला खायाचं, म्हनतील लोक. आक्का, माझी चूल बंद हुईल. माझ्यासंगं तुमची बी.”

माझी चूल त्यांच्या चुलीवरच पेटत होती.

पित्तावर उपाय सांगणारी माणसं कमी नव्हती, आणि आचारी एकाचंही मन मोडत नव्हते. कोणी सांगितलं जिरं चावा. कोणी सांगितलं ओवा. कोणी बडीशेप. सदऱ्याला खिसे दोन आणि जिन्नस तीन, त्यामुळे सगळं एकमेकांत मिसळायचं. ते जवळून गेले की पानाची टपरी चालत गेल्यासारखं वाटायचं.

मी लिंबूपाणी पाजलं. त्या दिवशी त्यांनी टेम्पोभोवती फेऱ्या घातल्या आणि माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत.

कोणी म्हणालं, थंड दूध. त्यानं खरंच बरं वाटायचं. पण लग्नघरी थंड दूध कुठं असतं? एका लग्नात नवरदेवासाठी केशर घालून झाकून ठेवलेलं दूध नाहीसं झालं. नवरीची मावशी घरभर शोधत फिरली, मांजराला शिव्या दिल्या, वरमाईवर संशय घेतला. शेवटी चुलीपाशी आली, तर आचारी गंभीर चेहऱ्यानं भात बघत होते आणि मिशीला केशराच्या काड्या चिकटलेल्या होत्या.

“आचारी, दूध बघितलं का वो?”

“न्हाई बाई. आमी काय चुलीपासनं हलतो का?”

मावशी मिशीकडं बघत राहिली. मग पदर तोंडाला लावून निघून गेली. बिचारी भली होती.

शिर्डीला जाऊन आले. पाण्यातून उदी घेतली आणि म्हणाले, छातीत गार गार वाटतंय. बाहेर येऊन वडापाव खाल्ला, वर तळलेल्या मिरच्या, वर चहा. कोल्हारला उतरले ते बोट गळ्याशी लावूनच. आता यात देवाला बोल लावायला जागा आहे का, तुम्हीच सांगा.

मग एक वैदू म्हणाला, सकाळी उपाशी पोटी मीठ घातलेलं कोमट पाणी प्यायचं आणि सगळं ओकून टाकायचं. आचारी पहाटे घाटावर जाऊन बसले आणि ओकायला लागले. नेमकं आदल्या दिवशी गावातलंच लग्न झालेलं. अंघोळीला आलेल्या कुणीतरी पाहिलं आणि गावात बोभाटा झाला, कालच्या जेवणानं आचारी ओकतायत. दिवस वर येईपर्यंत निम्म्या गावाचं पोट दुखायला लागलं. नवरीचा बाप धावत आला.

“आचारी, काल आमच्याकडंच जेवला ना तुमी?”

“जेवलो की.”

“मग आता?”

आचाऱ्यांनी जे सांगायचं ते सांगितलं नाही. म्हणाले, “एकादशीची तयारी करतोय.” एकादशी लांब होती. पण माणसाला धीर हवा असतो, बाप धीर घेऊन गेला. पोट दुखणारे दुपारी जेवायला बसले.

सगळ्या उपायांत टिकला तो खाण्याचा सोडा. बुंदीला, हरभऱ्याला तो आमच्याकडं असायचाच. चिमूटभर पाण्यात टाकून प्यायचा, की घडीभरात ढेकर. ढेकर असा, की टेम्पोवाला उतरून टायर बघायचा. मग तासभर सुख. त्या तासाभराच्या सुखासाठी आचारी सोड्याची पुडी सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवायला लागले. तंबाखूची डबी खालच्या खिशात होतीच.

तुम्ही-आम्ही लांबून बघतो तेव्हा आपल्याला सगळं दिसतं. पहाटे चूल पेटली की कोऱ्या चहाची किटली तिच्या कडेला बसायची आणि आचारी दुपारपर्यंत ती एकटे संपवायचे. पोटात अन्नाचा कण नाही. गालात तंबाखू. सगळ्या पंगती उठल्यावर, भांडी घासायला निघाल्यावर, आचारी जेवणार, आणि हात धुतला की टेम्पोखाली सावलीला आडवे होणार. मी हे त्यांना तोंडावर सांगायची. ते म्हणायचे, “आक्का, चहा सोडला तर मानूस करायचं काय?”

पुढं पुढं तर त्यांनी करताना चाखणंही सोडलं. जेवढं पहिल्या ताटाला खावं लागेल तेवढंच. करताना ते आमटीच्या भल्यामोठ्या काहिलीवर वाकून वास घ्यायचे आणि चवीला मी. चमच्यानं माझ्या तळहातावर आमटी टाकायचे आणि म्हणायचे, “बोला, आक्का.”

“चिंच पुढं आलीय.”

गुळाचा खडा पडायचा.

“मीठ कमी.”

मूठ सुटायची. कधी वाद नाही, कधी कुरकुर नाही. माझ्या मालकानं उभ्या जन्मात माझं एवढं ऐकलं नव्हतं.

जामखेडपलीकडच्या खर्डा गावचं लग्न याच दिवसांतलं. कोल्हारला कुणाच्या तरी लग्नाला आलेले तिकडचे पाहुणे आमटीवर खूश होऊन गेले होते, त्यांनी मुलीच्या लग्नाला एवढ्या लांबून बोलावलं. आचाऱ्यांना केवढा अभिमान! वाटेत नगरला चहा, जामखेडला चहा, पोटात दुसरं काही नाही. लांबचा प्रवास म्हणून सोड्याची पुडीही नेहमीपेक्षा फुगलेली.

तिथल्या किल्ल्याच्या बाजूला मांडव होता. आम्ही चर खणून चूल पेटवली, काहील चढवली. आमटीला उकळी आली. आचारी वास घ्यायला वाकले. एरवी वाकताना डावा हात खिशावर असायचा. त्या दिवशी पोटातलं त्याच वेळी निघालं असावं. उजव्या हातात झारा, म्हणून डावं बोट बेंबीवर गेलं, तिथून छातीवर, आणि खिशातली पुडी सरळ आमटीत.

आधी काहीच झालं नाही. बाळूनं झारा घालून कागद बाहेर ओढला, तो रिकामा होता. मग काहिलीच्या मधोमध एक बुडबुडा आला. मग तुम्ही समजा की ज्वालामुखीच. चिंचेची आमटी आणि त्यात एवढा सोडा! फेस चढत चढत काठावर आला आणि बदाबदा चुलीत. जाळ फुसफुसला, धूर झाला, आम्ही लाटणी टाकून मागं पळालो. मांडवातली माणसं धावत आली. एक म्हातारी हात जोडून उभी राहिली.

“आचारी, हे काय वो?” नवरीच्या बापानं विचारलं.

“मसाला फुललाय,” आचारी म्हणाले. “जुना मसाला हाय. फुलतो कधीकधी.”

बाप लोकांना सांगायला गेला, की आपल्या आमटीचा मसाला फुललाय.

फेस बसला तेव्हा आमटीला वेगळाच रंग आला होता. हळदीचा डाग साबणानं धुवायला गेलं की लाल होतो, हे कुठल्याही बाईला माहीत असतं. तसंच झालं होतं. काहील लालबुंद. बघणाऱ्यांना वाटलं, काय तिखट केलीय!

आचाऱ्यांनी माझ्या तळहातावर थेंब टाकला. “बोला, आक्का.”

“साबनाच्या पान्यात डाळ शिजवल्यावानी लागतंय.”

त्यांनी घाईनं चिंचेचं पाणी ओतलं. परत फेस, परत बदाबदा, परत म्हातारीचे हात जोडलेले. मग कुणी काही ओतलं नाही. तेवढ्यात अक्षता पडल्या. वाजंत्री थांबली. लोक जेवायला येणार आणि यजमान पहिलं ताट घेऊन समोर उभा.

आचारी ताट हातात घेऊन माझ्याकडं बघायला लागले. सुळावर जाणारा माणूस बघेल तसं. घर सोडून एवढ्या लांब, परक्या तालुक्यात, भोवती पाहुण्यांचा घोळका, आणि हातात बिघडलेली आमटी. त्यांनी वाटी तोंडाला लावली. मी दुसरीकडं बघितलं.

मग मान वळवली. बघते तर वाटी रिकामी आणि आचारी छातीवर हात ठेवून उभे. बोट नव्हे, सगळा तळवा. वाट बघतायत. आग निघायची वाट. ती निघालीच नाही. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं, जसं कर्णकर्कश भोंगा एकदम बंद झाल्यावर माणूस इकडंतिकडं बघतो.

“वाढा आनखी,” ते म्हणाले.

यजमान बघतच राहिला. आचाऱ्यानं दुसरी वाटी मागितली! दुसरी वाटी संपली. तिसरीला पुरी बुडवून खाल्ली. मग डोळे मिटून म्हणाले, “बसू द्या पंगत.”

त्या दिवशी पंगतीत मी कानोसा घेत फिरत होते. एक जण शेजाऱ्याला म्हणाला, “आमटीची चव जरा...” शेजारी म्हणाला, “आचाऱ्यानं तीन वाट्या हानल्या उभ्यानं. तुला काय कळतंय रे?” तो गप्प बसून जेवला. सगळे गप्प बसून जेवले. निघताना नवरीचा आजा काठी टेकत आला आणि म्हणाला, “आचारी, जेवून आडवा झालो, पर घशाशी काय आलं न्हाई. लई वर्सांनी. अशी आमटी करनारा मानूस बघितला न्हाई.”

आचाऱ्यांनी त्या म्हाताऱ्याचे पाय धरले.

परतीच्या वाटेवर ते गाडीत गुणगुणत होते. मी ओळखलं, आता काहीतरी वेडं डोक्यात शिरणार. शिरलंच. पुढच्या लग्नात फोडणी दिल्यावर त्यांनी हळूच खिशात हात घातला आणि काहिलीत मूठ सोडली.

“काय टाकलं?”

“काय न्हाई.”

“आचारी, फेस दिसतोय मला.”

“आक्का, सगळ्या मुलखाला पित्त हाय. कुनी बोलत न्हाई येवढंच. लोकांचं भलं हुतंय तर हू द्या की.”

पण खर्डा लांब होतं, कोल्हार कोल्हार होतं. इथल्या लोकांच्या जिभेवर त्यांची आमटी लहानपणापासून बसलेली. वाट्या तशाच राहिल्या. दुसऱ्या लग्नातही राहिल्या. बाजारात एकानं मला अडवून विचारलं, “काय वो आक्का, आचारी आजकाल मसाला धोब्याकडनं आनतेत का?” ठरलेलं एक लग्न दुसऱ्या आचाऱ्याकडं गेलं. मग आणखी एक.

त्या दिवशी मी सरळ त्यांच्या घरी गेले. त्यांची बायको तांदूळ निवडत बसली होती. मी म्हटलं, “वहिनी, यांना डॉक्टरकडं न्यायचं.”

“मी न्हाई जात संगं,” वहिनी म्हणाली. “खोटं बोलतेत तिथं, मला लाज वाटती. तुमीच न्या.”

म्हणून श्रीरामपूरला मी नेलं. डॉक्टर तरुण होता, शांत होता.

“चहा किती घेता?”

“हाय आपला थोडाफार.”

“किटलीभर,” मी म्हटलं.

“तंबाखू?”

“सोडलीय.”

“आत्ता बी गालात हाय.”

“जेवण वेळेवर होतं?”

“हो, वेळेवरच.”

“सगळं वऱ्हाड झोपल्यावर. आन मग लगेच आडवं.”

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. “तुम्ही यांच्या कोण?”

“जीभ,” आचारी म्हणाले. पहिल्यांदाच खरं बोलले.

सोड्याचं ऐकून डॉक्टर चिडला. म्हणाला, रोज रोज सोडा पोटात घालणं बंद, रक्तदाब आधीच चढलाय. गोळ्या दिल्या. तंबाखू बंद, उपाशी पोटी चहा बंद, तिखट-तेलकट बंद. थोडं थोडं, वेळेवर खायचं. जेवल्यावर दोन-तीन तास आडवं व्हायचं नाही. आणि खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवायच्या, म्हणजे झोपेत पोटातलं वर येत नाही.

“विटा?” आचारी म्हणाले.

“विटा.”

बाहेर आल्यावर म्हणाले, “येवढं शिकून विटा!” पण घरी जाताना चुलीला लावायच्या विटांतल्या दोन उचलल्याच. एका बाजूनं काजळीनं काळ्या झालेल्या. खाट अशी उतरती झाली, की आचारी रात्रभर घसरत पायथ्याला यायचे. वहिनी गल्लीत सांगायची, “सकाळी पाय भिंतीला आन मुंडकं खाटेच्या मधी. मानूस झोपलाय का वाहत आलाय, कळत न्हाई.” आमच्या सगळ्यांची हसून पोटं दुखली. आचाऱ्यांनी विटा काढल्या नाहीत. त्यांना झोप लागत होती.

सोडा सुटला. तंबाखू रडत रडत सुटली. चहाआधी भाकरीचा तुकडा यायला लागला. बोट बेंबीवरून निघायचं कमी झालं. बाळू ओरडायचा, “कुठवर आलं?” तर म्हणायचे, “आज गाडीच न्हाई.” आमटी परत पहिल्यासारखी झाली. वाट्या रिकाम्या व्हायला लागल्या.

राहिलं ते एकच. पहिलं ताट.

आठवडाभर पथ्य पाळायचं आणि लग्नाच्या दिवशी वाटीभर जाळ प्यायचा. की परत टेम्पोमागं कपाळ फळीला. डॉक्टरनं साफ सांगितलं, असं करणार असाल तर गोळ्या घेऊ नका, नदीत टाका. त्यांना बरं व्हायचं होतं आणि आचारी राहायचं होतं. दोन्ही एका वाटीत बसत नव्हतं.

मग गावातलंच एक मोठं लग्न आलं. यजमान ताट घेऊन आला. जाणती माणसं उभी राहिली. आचाऱ्यांनी ताट हातात घेतलं आणि तसंच धरून उभे राहिले.

“मालक,” ते म्हणाले, “ही आमटी चांगली हाय. पर माझं पोट चांगलं न्हाई. मला सोसत न्हाई. लई वर्सं सोसत न्हाई. चव घेनाऱ्या ह्या हायेत. ताट ह्यांचं.” आणि ताट माझ्यापुढं केलं.

मला आधी काही सांगितलं नव्हतं. माझे हात पिठाचे.

मग नवरदेवाचा चुलता म्हणाला, “आचारी, शुभकार्य हाय. पहिलं ताट असं... यांच्या हातात?”

असं म्हणजे कसं, ते सगळ्यांना कळलं. माझं कपाळ मोकळं होतं.

मी म्हटलं, “मालक मेलाय माझा. जीभ मेली न्हाई.”

कुणीतरी मागं फिसकन हसलं. चुलत्यानं तोंड फिरवलं. मी हात पुसले, ताट घेतलं आणि सगळ्यांसमोर खाल्लं. पुरी, भाजी, भात. मग वाटी तोंडाला लावली. आचारी माझ्याकडं बघत होते. आता मी काय म्हणते त्यावर त्यांची चूल टिकणार होती. लोकांनी आत्ताच ऐकलं होतं, की आचाऱ्याला स्वतःचं सोसत नाही. दुसरी कुणी असती तर डोळे मिटून वाहवा म्हणाली असती.

“मीठ कमी हाय,” मी म्हटलं.

आचाऱ्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी वळून मीठ उचललं, काहिलीत मूठ सोडली, बाळूनं झारा फिरवला. माझ्या तळहातावर थेंब आला.

“बोला, आक्का.”

“आता बराबर.”

यजमानाचा म्हातारा बाप हसायला लागला. म्हणाला, “इतकी वर्सं आचारी खातोय, कधी म्हनला का मीठ कमी? ही बाई खोटं बोलनार न्हाई. मांडा पत्रावळ्या.”

आचारी ओरडले, “बसू द्या पंगत!” आणि टेम्पोमागं गेले नाहीत. तिथंच उलट्या घमेल्यावर बसले, घरून आणलेला डबा उघडला आणि वहिनीनं दिलेला वरणभात सगळ्यांच्या देखत जेवले.

एखाददुसरं लग्न हातचं गेलं असेल त्यापायी. पण बाकीची राहिली. पुढं लोक यजमानाला बजावून सांगायचे, आचाऱ्याचा डबा विसरला नाही ना ते बघा, आणि ताट आक्काला द्या. मी कितीतरी वर्षं ती पहिली ताटं खाल्ली. कुणाची भीड ठेवली नाही.

आचारी गेले ते पोटानं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण गल्लीत अजून कुणी कुणी तसं बोलतं. म्हातारे झाले होते. झोपेत गेले. वहिनी म्हणाली, त्या रात्री घसरलेसुद्धा नाहीत, डोकं होतं तिथंच होतं.

तेराव्याचा स्वयंपाक बाळूनं केला. गोड होतं, आणि आमटी होतीच, तिच्याशिवाय त्यांचं जेवण कसलं? बाळूनं ताट आणून माझ्यापुढं धरलं. “बोला, आक्का.” मी सगळं चाखलं. वाटी रिकामी केली. मीठ बरोबर होतं, चिंच बरोबर होती. “बसू द्या,” म्हटलं आणि बाजूला टेम्पो उभा होता, त्याच्या मागं गेले.

फळीला कपाळ टेकलं. थोड्या वेळानं बाळू शोधत आला.

“आक्का, रडू नगा.”

“रडतंय कोन मेल्या?” मी म्हटलं. बघितलं तर माझं बोट बेंबीपासून निघून छातीवर आलं होतं.

बाळूनं डोळे पुसले. मग हळूच विचारलं, “कुठवर आलं?”

“पुलावर हाय.”

त्या संध्याकाळी वहिनीनं दोन्ही विटा पिशवीत घालून माझ्या हातात दिल्या. म्हणाली, “न्या. मला आता सपाट झोपू द्या.” मी म्हटलं, मोरीत टाकीन. टाकल्या नाहीत. खाटेखाली आहेत. सकाळी उठते तेव्हा पाय भिंतीला लागलेले असतात, आणि खाटेखालून झाडायला गेलं की हाताला अजून काजळी लागते.